भिंत नसलेल्या फाटकातून

"हालू नका साहेब, नाईतर कापीन."

"काप," दुसरा आवाज म्हणाला. "पर लौकर काप. गिनतीचा टाइम झाला."

मी खाटेवर ताडकन उठून बसले. उजाडायला लागलं होतं. जानेवारीची थंडी रजईच्या बाहेर काढलेल्या बोटांना चावत होती. अनोळखी घर, अनोळखी खोली, आणि दाराच्या पलीकडे कोणीतरी कोणाला तरी कापायला निघालेलं. आरडाओरडा करावा की नाही याचा मी विचार केला आणि नेहमीप्रमाणे न करण्याचं ठरवलं. दाराची फट मात्र थोडी मोठी केली.

अंगणात लाकडी स्टुलावर हवालदार वानखडे बसले होते. मी त्यांच्याकडेच पाहुणी होते. त्यांच्या गळ्यापर्यंत साबण, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. मागे पांढऱ्या कपड्यांतला एक उंच, किडकिडीत माणूस उघडा वस्तरा घेऊन उभा होता. कानाखालून सुरू करून तो वस्तरा सावकाश घशाच्या घाटीवरून नेत होता. मधूनच घुर्रर्र असा आवाज यायचा. हवालदार घोरत होते.

दाढी झाली. हवालदारांनी तोंड पुसलं, चष्मा लावला, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलेलं रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "वस्तरा, एक नग, परत मिळाला." सही केली. वस्तरा पत्र्याच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं. मग त्या माणसाकडे बोट दाखवून त्यांनी मोजलं, "एक."

"हो जी," तो माणूस म्हणाला.

त्याचं नाव पुंडलिक. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झालेल्या भांडणात त्यानं कुऱ्हाड चालवली होती. जन्मठेपेची नऊ वर्षं झाली होती. त्यातली सात मोठ्या भिंतींच्या आत, दोन इथे. दाढी करायला तो जेलमध्येच शिकला होता.

आर्वीच्या पुढे

मी तिथे कशी पोचले ते आता सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतले काही अजून नोकरीत आहेत, आणि काही अजून शिक्षेत.

मी पुण्याची, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या प्राध्यापिकांना कुठूनतरी कळलं होतं की वर्धा जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, कैद्यांचं एक खुलं शेती-शिबिर निघालंय. तिथल्या रखवालदारांना आता राखायचं नाही, सुधारायचं असा हुकूम आहे. "हे बदलणारे अधिकारी पाहून ये," बाई म्हणाल्या. त्या स्वतः येणार होत्या, पण आदल्या दिवशी त्यांची कंबर धरली. मला चार दिवसांसाठी एकटीला पाठवलं ते एक पत्र आणि एक वही देऊन.

माझी अडचण वेगळीच होती. कॉन्व्हेंटमध्ये वर्गात मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवत. त्यामुळे अनोळखी मोठ्या माणसांसमोर मराठी वाक्य मी मनात तीनदा म्हणून पाहते, आणि तेवढ्यात बोलणं पुढे गेलेलं असतं. मग मी वहीत काहीतरी लिहिते. लिहिणाऱ्या माणसाला कोणी बोल म्हणत नाही.

आर्वीच्या डेपोत चार तास काढले. तिथे चहा कपात नव्हे, बशीतच दिला. पुढच्या गाडीत माझ्या शेजारी एक बाई कापसाच्या गाठोड्यावर बसल्या होत्या. "एकटी काऊन चालली वो?" त्यांनी विचारलं. पुण्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला आगाऊ म्हणतात. इथे विचारला नसता तर त्या बाईला शिष्ट म्हटलं असतं, असं मला चार दिवसांनी कळलं. दोन्ही बाजूंना पराटी उभी होती, वेचून झालेली, बोंडांत कापसाचे तुकडे अडकलेली. पराटी म्हणजे कपाशीचं झाड. तो शब्द मी वहीत लिहिला. बाई त्या वहीकडे बघत राहिल्या आणि मग थोड्या सरकून बसल्या.

शिबिराच्या थांब्यावर उतरले तेव्हा समोर एक प्रचंड लोखंडी फाटक होतं. दोन माणसांच्या उंचीचं, वर भाले, मध्ये नारळाएवढं कुलूप. फाटकाच्या डावीकडे तुरीचं शेत. उजवीकडेही तुरीचं शेत. भिंत नव्हती.

फाटकापलीकडे हवालदार वानखडे खाकीत उभे होते. मी त्यांना आणि त्यांनी मला पूर्ण पाहिलं. मग त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, मला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. बाजूनं एक म्हैस आत गेली.

भिंतीची कथा मला तुरुंगाधिकारी देशकर साहेबांनी सांगितली. तिशीतला, उत्साही माणूस. आधी बंद जेल होणार होतं. फाटक आधी आलं. मग हुकूम फिरला, जेल खुलं करायचं ठरलं आणि भिंत रद्द झाली. फाटक मात्र जड वस्तूंच्या नोंदवहीत चढलेलं. "नोंदीत आहे म्हणजे उभं असलं पाहिजे. उभं आहे म्हणजे बंद असलं पाहिजे. असं वानखड्यांचं म्हणणं आहे," साहेब कपाळाला हात लावून म्हणाले. "सव्वीस वर्षं नोकरी झालीय त्यांची. मी प्रशिक्षण घेऊन आलोय, पण ते मलाच शिकवतात."

मी काय बोलावं ते मनात जुळवत राहिले. मग लिहिलं.

संध्याकाळी पाणी प्यायला उठले तेव्हा देशकर साहेब वानखड्यांना हळू आवाजात सांगत होते, "मॅडम काहीच बोलत नाहीत. नुसत्या लिहितात. वरून पाठवलेल्या असणार. सांभाळून."

मी परत जाऊन बसले. वहीत तोपर्यंत तीन शब्द होते: पराटी, काऊन, म्हैस.

बुधवार: मनाची झडती

नव्या परिपत्रकात तीन गोष्टी होत्या. एक, कैद्यांना कैदी न म्हणता नावापुढे 'भाऊ' लावावं. दोन, आठवड्यातून एकदा अधिकाऱ्यांनी बंद्यांशी एकाच सतरंजीवर बसून मोकळा संवाद करावा. तिसरी पुढे येईल.

वानखडे हुकुमाचे पक्के. त्यांनी पहिल्या दिवसापासून 'भाऊ' लावायला सुरुवात केली होती. "ए पुंडलिकभाऊ, बैस बे खाली!" ते ओरडायचे. "गणपतभाऊ, तोंड बंद!"

संवादाच्या तासाला सतरंजी टाकली होती. बत्तीस बंदी उकिडवे बसले. वानखडे मांडी घालून बसले, पण काठी मांडीवर आडवी. परिपत्रकातला प्रश्न त्यांनी कागदावर उतरवून आणला होता.

"पुंडलिकभाऊ," त्यांनी वाचलं, "तुले कसं वाटते?"

"बरं वाटते साहेब."

"मनात काय हाये?"

"काई नाई साहेब."

वानखड्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काई नाई म्हंजे? मनात काई नाई असा मानूस असते काय? काढ बाहेर. नाईतर झडती घेतो."

"मनाची झडती घेता येत नाही, वानखडे," देशकर साहेब मागून कुजबुजले.

"तेच तं वांदे हायेत साहेब. बराकीची घेता येते."

मग पुंडलिक स्वतःच म्हणाला, "पोरीचं लगन ठरलं जी. पुढच्या महिन्यात. पंधरा दिसाची रजा पायजे होती."

हा मोकळा संवाद होता, आणि तो खरोखरच झाल्यावर काय करायचं हे परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. वानखड्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"अर्ज कर," ते म्हणाले.

"केला जी. तुमच्यापाशीच हाये."

अर्ज खरंच त्यांच्याकडे होता, पंधरा दिवसांपासून. त्या छापील अर्जात शेवटचा रकाना नवा होता: *सदर बंद्यावर विश्वास ठेवता येईल काय? कारणासह.* तो रोज ज्याच्या हाताखाली काम करतो त्यानं, म्हणजे वानखड्यांनीच, भरायचा. बाकी सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. शेवटचा रिकामा. शुक्रवारी समिती बसणार होती आणि दुपारच्या गाडीनं कागद जाणार होते. त्या गाडीनं गेले नाहीत तर लग्नाआधी मंजुरी येणं शक्य नव्हतं.

त्या रात्री जेवताना यमुनाबाईंनी, म्हणजे वानखड्यांच्या बायकोनं, मला पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, भाजीची लालभडक तर्री वाढली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं घरची आठवण आली. "रडू नको पोरी," म्हणत त्यांनी आणखी तर्री वाढली. आमच्याकडे भाजीत गूळ घालतात हे सांगावं असं वाटलं, पण तोंड उघडायची स्थिती नव्हती.

जेवण झाल्यावर त्यांनी खुंटीवरचा खाकी शर्ट काढून बाही दाखवली. तीन फिती. दोन जुन्या दोऱ्यानं शिवलेल्या, एक नव्या.

"हे मोठ्या जेलात होते तवाची गोष्ट. एका कैद्याचा बाप मेला. यायनं साहेबाले सांगतलं, मानूस चांगला हाये, सोडा. तो गेला तो गेलाच. याची एक फीत उतरवली. नऊ वर्सं लागली परत याले. म्याच शिवली." त्यांनी फितीवरून बोट फिरवलं. "तवापासून हे कोनाले चांगलं म्हनत नाईत. मलेही नाई."

आतून वानखड्यांचा आवाज आला, "भाजी बरी हाये."

"पाह्यलं? भाजी बी बरीच. चांगली नाई."

गुरुवार: फाटक आणि रोडगे

गुरुवारी सगळ्यांना संत्र्याच्या बागेत जायचं होतं. बाग फाटकाच्या बाहेर, हाकेच्या अंतरावर. तिथे तोडणी आणि मग रोडगे. रोडगे म्हणजे गव्हाच्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. यमुनाबाई म्हणाल्या, "रोडगे घरात बसून खाल्ले तं ते रोडगेच नाई."

सकाळी वानखड्यांनी गिनती घेतली, बत्तीस जण जोडीजोडीनं उभे केले आणि कुलपात किल्ली घातली. ती फिरेना. तेल घातलं. पुन्हा नाही. दगडानं ठोकलं. किल्ली वाकली.

बत्तीस बंदी फाटकासमोर खाली बसले. दोन्ही बाजूंना तूर वाऱ्यावर डोलत होती.

देशकर साहेब सायकलवरून शेतातून वळसा घालून बाहेरच्या बाजूला पोचले आणि गजांतून म्हणाले, "वानखडे, बाजूनं या ना!"

"साहेब," वानखडे म्हणाले, "तुमी बाजूनं गेले हे म्या पाह्यलं नाई."

मी नेमकी फाटकाच्या खांबाच्या रेषेत उभी होते. आत की बाहेर हे माझं मलाच ठरवता येईना. शेजारी पुंडलिक बसला होता. त्याला तरी बाजूनं का जावंसं वाटत नाही, असं मला विचारायचं होतं. वाक्य तिसऱ्यांदा जुळवत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "फाटकातून गेलो तं ते काम होते, मॅडम. बाजूनं गेलो तं ते पळनं होते."

मला ते लगेच पटलं, आणि पटल्याची भीतीही वाटली.

पाऊण तासानं तोडगा निघाला. दहा जणांनी मिळून फाटक बिजागऱ्यांवरून उचललं, चार पावलं बाजूला नेऊन आडवं ठेवलं. बत्तीस जण दोन खांबांमधून मोजून बाहेर पडले. मग त्यांनीच फाटक परत चढवलं. कुलूप या सगळ्या वेळात लागलेलंच होतं. त्यामुळे वानखड्यांना नोंदीत काही बदल करावा लागला नाही.

बागेत संत्र्यांच्या वासानं हवा ओली झाल्यासारखी वाटत होती. पुण्यात आम्ही संत्री सोलून, बिया काढून, फोडी बशीत ठेवून खातो. इथे गणपतनं एक संत्रं मधोमध फाडून अर्धं माझ्या हातावर आपटलं आणि अर्धं स्वतः चोखलं. रोडगे राखेतून निघाले. बंद्यांच्या जेवणाची चव अधिकाऱ्यानं आधी घ्यायची हा जेलचा जुना नियम. बत्तीस माणसं, मी आणि देशकर साहेब गरम रोडगे हातात घेऊन वाट बघत बसलो. वानखड्यांनी एक फोडला, तूप घातलं, खाल्ला. मग आणखी एक खाल्ला.

"बरा हाये," ते म्हणाले, आणि लिहिलं.

मग परिपत्रकाची तिसरी गोष्ट. तिचं नाव भूमिकाबदल. बंद्यानं अर्धा तास अधिकारी व्हायचं, अधिकाऱ्यानं बंदी. देशकर साहेबांनी चिठ्ठ्या टाकल्या. पुंडलिकला हवालदाराची आली. वानखडे टोपी काढून त्याला देते झाले आणि रांगेत उकिडवे बसले. गुडघे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

पुंडलिकनं टोपी चढवली, आणि तो बदलला. खांदे मागे गेले. तो खाकरला, आणि ते वानखड्यांचंच खाकरणं होतं. "पाठ सरळ! वानखडेभाऊ, हालू नको बे!" बाकीचे एकतीस जण हसून लोळायच्या बेतात आले.

"काई अर्ज?" पुंडलिकनं विचारलं.

वानखड्यांना दिलेल्या चिठ्ठीवर काय मागायचं ते लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "रजा पायजे साहेब. घरी लगन हाये."

हसणं थांबलं. देशकर साहेबांचं अक्षर असणार ते. ते एका संत्र्याच्या झाडाकडे अतिशय लक्ष देऊन पाहत होते.

पुंडलिक बराच वेळ खाली बसलेल्या हवालदारांकडे बघत राहिला. मग वानखड्यांच्या आवाजात म्हणाला, "नाई. भरोसा नाई. गेला तं माही फीत जाईन."

वानखड्यांनी मान डोलावली. "बराबर," ते म्हणाले, अगदी मनापासून. "पक्का हवालदार झाला असता."

पुंडलिकनं टोपी काढून दोन्ही हातांनी त्यांना परत दिली. उठायला हातही दिला. संध्याकाळी पुन्हा फाटक उतरवून, मोजून, आम्ही आत आलो.

शुक्रवार: रकाना

सकाळी अंगणातून आवाज आला, "हालू नका साहेब, नाईतर कापीन." या खेपेला मी दचकले नाही. फटीतून पाहिलं. वानखड्यांचे डोळे मिटलेले, मान मागे. रजिस्टर, सही, कुलूप. "एक." "हो जी."

समिती अकरा वाजता बसली. देशकर साहेब, वानखडे आणि तिसरी खुर्ची. परिपत्रकानुसार समितीत एक बाहेरची व्यक्ती असायला हवी होती, आणि चार कोसांत बाहेरची म्हणता येईल अशी मीच होते. मला बसवलं. खिडकीतून फाटक दिसत होतं. आतल्या बाजूला पुंडलिक एकटा उभा होता, धुतलेल्या कपड्यांत, कोणी न सांगता.

देशकर साहेबांनी अर्ज उघडला. शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: *अनुभव नाही.*

"वानखडे, हे काय?"

"खरं तेच लिवलं साहेब. काम कराले चांग—बरा हाये. पर भरोशाचा मले अनुभव नाई. तसा प्रसंग नाई आला."

"हो किंवा नाही लिहा. अर्धवट कागद परत येतात."

"मंग नाई लिवतो."

"त्याच्या मुलीचं लग्न आहे हो!"

"म्हनूनच तं. बाप मेला का मानूस परत येत नाई, लगन असलं का येते, असं कुठं लिवलं हाये?" त्यांचा हात नकळत बाहीवरच्या तिसऱ्या फितीवर गेला. त्यांनी टाक दौतीत बुडवला. बुडवून तसेच बसले. 'नाही' लिहायलाही तो हात पुढे जाईना.

आर्वीची गाडी यायला वीस मिनिटं होती. देशकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वानखड्यांनीही. वरून आलेली मॅडम चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी म्हणेल, असं दोघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी वरून आलेली नव्हते. मी एक विद्यार्थिनी होते आणि माझ्या वहीत एकोणीस शब्द होते.

मी वाक्य मनात एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की बोलणं पुढे गेलं नाही. ते माझ्यासाठी थांबून राहिलं.

मी काय बोलले ते सांगायला मला अजूनही संकोच वाटतो, म्हणून त्यानंतरचं आधी सांगते. कागद त्याच गाडीनं गेला, माझ्याच बरोबर. रकान्यात आता 'होय' होतं, आणि कारणाच्या जागी वानखड्यांनी फक्त *पाहा: वस्तरा रजिस्टर, पान १ पासून* असं लिहिलं होतं. दीड महिन्यानं यमुनाबाईंचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. पुंडलिकला रजा मिळाली. त्या पंधरा दिवसांत ह्यांनी दाढी केली नाही. आर्वीच्या न्हाव्याकडे चला म्हटलं तर म्हणाले, कोण कुठला माणूस, त्याच्या हातात गळा कसा देऊ? दाढी वाढून ते गोसाव्यासारखे दिसत होते. सोळाव्या दिवशी उजाडायच्या आधीच ते स्टूल टाकून, पाणी तापवून अंगणात बसले. फाटकाशी हाक आली. ह्यांनी जाऊन कुलूप उघडलं, त्याला आत घेतलं आणि मोजलं, एक. फाटकाला आता नवीन कुलूप आहे. तू बुंदी खायला येजो, लग्नाची आहे, डब्यात ठेवली आहे.

तर त्या शुक्रवारी वानखड्यांच्या टाकाची शाई रकान्याच्या कडेवर ठिपकत होती. मी वही मिटली. चार दिवस ते मला मॅडम म्हणत होते आणि मी त्यांना काहीच म्हटलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "तो रोज सकाळी म्हणतो, हलू नका, नाहीतर कापीन. आणि तुम्ही झोपता."